नैवेद्याच्या पानातला मुरंबा

कुमक्वाट सोलून खायचं नसतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या घरात राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या मॉरीनबाईंनी कुंपणावरून आइस्क्रीमचा डबा भरून ती पिवळीजर्द फळं दिली, आणि आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नखांनी त्यांची सालं काढायला लागलो. अंगठ्याच्या पेराएवढं फळ ते. दिसायला संत्र्याचं बाळ, पण सोललं की आत उरायचं काय, तर चमचाभर आंबट पाणी आणि दोन बिया. बाबा म्हणाले, एवढ्या कष्टात एक अख्खा फणस सोलून झाला असता. आईनं तोंड वाकडं केलं आणि सालांचा ढीग कचऱ्यात ओतला. दुसऱ्या दिवशी मॉरीनबाईंनी कशी लागली म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, व्हेरी नाइस, व्हेरी सावर. त्या बाईंना काय शंका आली कोण जाणे, त्यांनी झाडावरचं एक तोडलं, दोन बोटांत जरा चोळलं आणि सालीसकट अख्खं तोंडात टाकलं. गोडवा सगळा सालीत असतो. आम्ही नेमका तोच फेकून दिला होता.

एकदा हे कळल्यावर मात्र आईच्या तावडीतून त्या फळाची सुटका नव्हती. ती त्यांना पिटुकली म्हणायची. पिटुकल्यांच्या चार-चार फोडी करून, मोहरीची डाळ आणि हिंग घालून लोणचं. सुईनं टोचून, पाकात शिजवून, वेलदोडा घालून मुरंबा. सैंधव आणि जिरेपूड घालून सरबत. आमसुलं संपली की आमटीतसुद्धा पिटुकलीच. मॉरीनबाईंची तऱ्हा वेगळी. त्या पातळ चकत्या करायच्या, बिया फडक्यात बांधून चकत्यांबरोबर भिजत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मार्मलेड घाटायच्या. त्याचा वास आमच्या घरात यायचा आणि आई म्हणायची, ही बाई साखर जाळते आहे. शिवाय व्हिनेगरमधली चटणी, जी त्या चीजबरोबर खायच्या आणि आम्ही तोंड आवळून खायचो. डबा रिकामा परत पाठवायचा नाही ही आईची शिस्त. त्यामुळे आइस्क्रीमच्या डब्यातून चकल्या जायच्या. मॉरीनबाईंना वाटायचं, आता आपण काहीतरी द्यायला हवं. मग डब्यातून फिजोआ नावाच्या फळाचा केक यायचा, की इकडून शंकरपाळे निघाले. दोघींपैकी कुणी थांबायचं नाव घेईना. बाबा म्हणायचे, दोन देशांत एवढी देवाणघेवाण असती तर लढाया झाल्या नसत्या.

लाकडी घर होतं ते, उतारावर, मागच्या खिडकीतून मनुकाऊच्या खाडीचं राखाडी पाणी दिसायचं. हिवाळाभर भिंतींना ओल. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की बाबा बातम्यांचा आवाज वाढवत आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकत असे. पाऊस थांबला की मागच्या कोवाईच्या झाडावर तुई पक्षी घसा खाकरल्यासारखा बोलायला लागायचा. हॉलमध्ये एकच हीटर, त्याच्याभोवती आमचा सगळा संसार, अभ्यास, भाजी निवडणं, भांडणं. शाळेत मी डबा मांडीवर झाकून खायची आणि घरी आल्यावर उरलेली पोळी दप्तरातून काढताना आईच्या नजरेला नजर द्यायची नाही. आता माझा मुलगा वांग्याचं भरीत ऑफिसात नेतो आणि सगळ्यांना चाखायला देतो, वर मला म्हणतो, ममा, दे लव्ह्ड इट, मेक हीप्स नेक्स्ट टाइम. मी मराठीत हो म्हणते. आमचं असंच चालतं.

विनूकाका, बाबांचा धाकटा भाऊ, आमच्याकडे आला तो एक बॅग आणि एक अट घेऊन. बॅग त्याची, अट शैलाकाकूची. काका भोसरीला टूलरूममध्ये होता. हात सोन्याचे आणि घसा कोरडा, असं आई त्याच्या माघारी म्हणायची. दारूपायी दोन नोकऱ्या गेल्या, तिसरी जायच्या आधी काकू लहानग्या मनूला घेऊन कराडला माहेरी निघून गेली. बाबांनी ओळखीनं त्याला पेनरोजच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लावायचं ठरवलं, तेव्हा काकूनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. वर्षभर एक थेंब घ्यायचा नाही. नाही घेतला तर मी मनूला घेऊन येते. घेतला तर मला खरं सांगायचं, आणि मग मी येणार नाही. काकू आरडाओरडा करणारी नव्हती, म्हणून तर ते सगळ्यांना खरं वाटलं.

आणि काका खरंच सुधारला होता. दर गुरुवारी तो चर्चच्या हॉलमध्ये जायचा, तिथे त्याच्यासारखीच माणसं गोल बसून बोलत. ऑकलंडमधली मराठी मंडळी तेव्हा इतकी थोडी होती, की इथे शिंकलं तर पुण्यातून फोन यायचा. म्हणून बाबांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं, विनू इंग्लिशच्या क्लासला जातो. एकदा साठे डॉक्टरांच्या बायकोनं काकाला विचारलं, कितवी लेव्हल चालू आहे? काका म्हणाला, अजून पहिलीतच आहे वहिनी, डोकं चालत नाही. ती हसली, आम्हीही हसलो, आणि बाबांचा चेहरा पुढे तासभर जागेवर आला नाही.

मला तो आवडायचा. का आवडायचा म्हणजे काय, घरातलं ते एकच मोठं माणूस होतं जे मला मार्क विचारत नसे. आम्ही दोघं डेअरीवर दूध आणायला जायचो, तो पायात मोजे घालून त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवायचा आणि मी लाजेनं चार पावलं मागे चालायची. त्याच्या खिशात कायम पिटुकली असत. माझी शाळेतली रडगाणी तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी एक पिटुकलं हातावर ठेवायचा, बस, उत्तर तेवढंच. मनूसाठी त्यानं लोकरीच्या सपाता घेऊन ठेवल्या होत्या. पुढे तिचा पाय वाढला असेल म्हणून एक नंबर मोठ्या आणल्या, आणि परत एकदा आणखी मोठ्या. मागचा सनरूम त्यानं स्वतः घासून, ओल काढून, रंगवला. आईनं पडदे शिवले. वर्ष भरायला थोडेच महिने राहिले होते आणि काकूची आणि मनूची खोली तयार होती.

त्या वर्षीच्या गणपतीत मॉरीनबाईंचं गवत कापायचं मशीन बंद पडलं. काकानं ते आमच्या गराजमध्ये आणून पूर्ण उघडलं, धुतलं, पुन्हा जोडलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा गणेशचतुर्थीच्या सकाळी त्या बाई काचेची मोठी बरणी घेऊन कुंपणाशी आल्या. आत केशरी रंगाची गुबगुबीत कुमक्वाटं, दालचिनीचा तुकडा, लवंगा. आमच्याकडे सण आहे हे त्यांना माहीत होतं. ही माझी खास आहेत, असं त्यांनी आईला इंग्रजीत सांगितलं, पाहुण्यांसाठी राखून ठेवते, तुमच्या हत्तीसाठी आणली आहेत, आणि विनूसाठी. नेहमी यायची ती पाकातली असत. आईला वाटलं, ही त्यातलीच जरा मुरलेली. वाटायला काय लागतं, तिला दारू कशात घालतात याची कल्पनाच नव्हती.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी आई बावळट होती असं कुणाला तरी वाटेल, आणि ते मला चालणार नाही. आईचं सोवळंओवळं परदेशात येता येता बहुतेक गळून पडलं होतं, पण एक नेम तिनं सोडला नव्हता. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. चाखायचं तर नाहीच, वाससुद्धा घ्यायचा नाही. मीठ ती मापानं घालायची, आमटी उकळताना तोंड बाजूला करायची. त्या सकाळी तिनं बरणीचं झाकण उघडलं तेही मान फिरवून. घरात उदबत्ती, कापूर आणि मोदकांच्या सारणाचा घमघमाट सुटलेला. तिनं वाटीत चार कुमक्वाटं काढली आणि नैवेद्याच्या पानात डाव्या बाजूला, लोणच्याच्या शेजारी ठेवली. बाबांनी पाणी फिरवलं. आम्ही हात जोडले. म्हणजे गणपतीनं त्या दिवशी ब्रँडी घेतली, आमच्या घरात सगळ्यात आधी त्यानंच.

पंगत हॉलमध्ये, चादरीच्या घड्यांवर. साठे डॉक्टर आणि त्यांची बायको मनुरेवाहून आले होते, आणखी दोन कुटुंबं होती. मुलांनी मोदकाला नाक मुरडलं म्हणून त्यांना चिप्स देऊन आतल्या खोलीत टीव्हीपुढे बसवलं होतं. मला त्या वर्षी पहिल्यांदा वाढायला घेतलं. डावी बाजू माझी: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं आणि हा मुरंबा. मी परकर नेसले होते आणि स्वतःवर भयंकर खूश होते. शाळेत जिला कुणी विचारत नव्हतं तिला इथे सगळे नंदू इकडे, नंदू तिकडे करत होते. आग्रह कसा करायचा हे मी लहानपणापासून पाहिलेलं, आणि आता करायची पाळी माझी होती. माझ्यासाठी एक. एकानं काय होतंय. माझ्यासमोर पोट भरलं म्हणायचं नाही. साठे डॉक्टरांनी पहिलं कुमक्वाट तोंडात घातलं, भुवया वर गेल्या, आणि ते म्हणाले, वा, आणखी दोन वाढ. मला वाटलं, काय रसिक माणूस आहे.

काका पंगतीच्या टोकाला होता. मी त्याला दोन वाढून पुढे गेले आणि परत फिरले तेव्हा त्यानं एक तोंडात घातलं होतं. त्याचा जबडा हलायचा थांबला. मी विचारलं, काका, आवडलं ना? तो हं म्हणाला. मी वाकले आणि चमचा त्याच्या पानावर नेला. त्यानं पानावर हात आडवा धरला.

बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही. आमच्यात पानावर हात आडवा धरणं म्हणजे नको म्हणणं नव्हे. तो खेळाचा भाग असतो. वाढणाऱ्यानं हाताच्या बाजूनं, बोटांच्या फटीतून, कसंही करून वाढायचं असतं, नाहीतर आग्रह कसला? पहिल्या नकाराला पुढे गेलात तर लोक म्हणणार, पोरीला मन नाही. मी तेच केलं. म्हटलं, काका, माझ्या हातचं पहिल्यांदा आहे, नाही म्हणायचं नाही. सगळे हसले. बाबा तिकडून भात वाढता वाढता मोठ्यानं म्हणाले, विनू, पानात टाकायचं नाही हं, आपल्या घराची पद्धत आहे. काकानं हात काढला. मी वाढलं. पुढच्या फेरीला पुन्हा वाढलं, पाकासकट. त्यानं सगळं खाल्लं आणि बोट फिरवून पान स्वच्छ केलं.

आम्ही वाढणारे जेवायचे होतो, तेवढ्यात पंगत उठली आणि साठे डॉक्टर हात धुवायला स्वयंपाकघरात आले आणि बाबांच्या खांद्यावर थाप मारून हळूच म्हणाले, काय हो, छुपे रुस्तम, आज तर बाप्पालाही चढली असणार, काय फर्स्ट क्लास ब्रँडी आहे. बाबांना आधी कळेना. मग त्यांनी बरणी उचलून नाकाशी नेली. मी ताटं घेऊन दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बाहेर गेले. बाहेर काका चादरी झटकत होता. पाहुण्यांसमोर कुणी काही विचारू शकत नव्हतं, आणि पाहुणे चहा होईपर्यंत हलले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. काकाला काही झालं नव्हतं, निदान वरून तरी नाही. तो कामाला जात होता, येत होता. आम्हालाच झालं होतं. आई म्हणायची, माझ्या हातून झालं, मी बघायला हवं होतं. बाबा म्हणायचे, चूक माझी, क्लासचं खोटं मी पसरवलं, नाहीतर त्याला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. आणि तिघंही त्याच्यावर पाळत ठेवून होतो. बाबांनी खोकल्याचं औषध लपवलं. आईनं केकमध्ये घालायचं व्हॅनिला इसेन्स फेकून दिलं. तो पाणी प्यायला उठला तरी आमच्या माना वळायच्या. त्याला बरं वाटावं म्हणून आई रोज त्याच्या आवडीचं करायची, आणि तो जेवताना आम्ही तिघं असे बघत बसायचो, की त्याचा घास घशाखाली जायचा नाही. आज वाटतं, त्याला फळांनी जेवढं ढकललं नसेल तेवढं आमच्या त्या काळजीनं ढकललं. पण हेही मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणत असेन.

गुरुवारी तो मीटिंगला गेला नाही. संध्याकाळी बाबांना तो गराजमध्ये सापडला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, शेजारी सुपरमार्केटमधल्या वाइनच्या बाटल्या. एक रिकामी, दुसरी अर्धी. बाबा त्याला ओरडले नाहीत. ते बाजूला उलट्या बादलीवर बसले आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता.

रविवारी कराडला फोन करायचा असे. त्या रविवारी सकाळपासून आमची खलबतं चालली होती. बाबांचं म्हणणं, फक्त मुरंब्याचं सांगायचं. अजाणता पोटात गेलं, देवाच्या पानातलं होतं, कुणाला माहीत नव्हतं. गराजमधलं सांगायची गरज नाही, एकदाच झालं, पुन्हा होणार नाही. आई म्हणाली, मी शैलाला सांगते, माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, माझा शब्द ती मोडायची नाही. मी म्हटलं, मीपण बोलते, वाढलं मी. आम्ही तिघं फोनभोवती उभे. काका खुर्चीत बसला होता, त्यानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाबांनी फोनकार्डावरचा नंबर फिरवला, घंटा वाजली आणि काकानं हात पुढे करून रिसीव्हर घेतला.

"शैला," तो म्हणाला, "मी प्यायलो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"नाही. कुणी पाजली नाही. दुकानात जाऊन घेतली."

आम्ही वाट पाहत होतो. आता सांगेल, आता मुरंब्याचं सांगेल. आई तर हात पुढे करून उभी होती, रिसीव्हर मिळेल म्हणून. तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, मनूला दे. मनूशी दोन मिनिटं बोलला, शाळेत काय शिकवलं, दात पडला का, असलं. आणि त्यानं फोन ठेवून दिला.

बाबा संतापले. म्हणाले, अरे गाढवा, खरं होतं ते, खोटं थोडंच सांगायचं होतं, मुरंब्याचं का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर ती आली असती, दादा," काका म्हणाला. "आणि मग पुढच्या वेळीही मला काहीतरी सापडलं असतं."

काकू आली नाही. एकदा वाटलं येईल, पण तेव्हा तिचे वडील आजारी पडले, मग तिला तिकडे शाळेत नोकरी लागली, मग मनूची बारावी. प्रत्येक कारण खरं होतं. काका पुढे ख्राइस्टचर्चला कामाला गेला आणि तिथेच राहिला. त्या गुरुवारनंतर त्यानं दारूला हात लावल्याचं मी पाहिलं नाही, ऐकलं नाही. मनूच्या लग्नाला तो गेला होता. फोटोत नवरीच्या बाजूला काकू आणि तिचे भाऊ आहेत, आणि काका दुसऱ्या रांगेत, कोट घालून, पाहुण्यांत उभा आहे. सनरूममध्ये आई कपडे वाळत घालू लागली. मॉरीनबाईंना आम्ही कधीच काही सांगितलं नाही. त्या दर वर्षी आपली खास बरणी द्यायच्या, आई तोंडभर थँक्यू म्हणायची, ती मोरीत ओतायची, घासूनपुसून लाडू भरून परत करायची आणि विचारलं की सांगायची, सगळ्यांना फार आवडली. ओतताना ती रडायची. एवढ्या चांगल्या बाईचं एवढं चांगलं फळ, म्हणायची.

मी कधीच कुणाला आग्रह केलेला नाही, त्या दिवसानंतर. माझ्या सासरी याची फार चर्चा झाली. सासूबाई म्हणायच्या, सून जेवायला वाढते की हिशोब मिटवते कळत नाही. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणायचा, तू पंधरा वर्षांची होतीस, तुला माहीतच नव्हतं. मला हे पाठ आहे. आईही मला हेच म्हणायची आणि मी आईला. एकमेकींना आम्ही निर्दोष सोडायचो आणि स्वतःला मात्र नाही. आई गेली तीसुद्धा हे घेऊनच.

गेल्या वर्षी मी ख्राइस्टचर्चला गेले होते, काकाकडे. आता तो सत्तरीचा आहे, रिकार्टनच्या दुकानांजवळ एका छोट्या युनिटमध्ये राहतो, गुडघे दुखतात पण सकाळी हापूसचा डबा आला का बघायला इंडियन दुकानात चक्कर टाकतोच. मला त्यानं दुपारी पिठलं-भात करून वाढला. आम्ही समोरासमोर बसून जेवत होतो. मी विचारणार नव्हते. पण पिठलं संपत आलं होतं आणि तो आणखी वाढायला उठला तेव्हा मी पानावर हात आडवा धरला, सवयीनं, आणि तो लगेच थांबला. चमचा भांड्यात परत ठेवला. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं.

म्हटलं, काका, त्या दिवशी तू हात आडवा धरला होतास.

कुठल्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही.

"पहिल्या घासालाच कळलं होतं ना तुला?"

"तोंडात घातल्या घातल्या."

"मग तुला खरंच नको होतं. आणि मी वाढलं."

तो पुन्हा खुर्चीत बसला. बराच वेळ भाताची शितं बोटानं गोळा करत राहिला.

"हात मी धरला होता," तो म्हणाला. "पण खरं सांगू नंदू, तू न वाढताच पुढे निघून जाशील म्हणून माझा जीव खालीवर होत होता."

तो उठला, माझं ताट उचललं, सिंकपाशी जाऊन नळ सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तो खरं बोलला, की मला सोडवायला बोलला, हे मी त्याच्या पाठीकडे बघून ठरवू शकत नव्हते, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. बायको दुरावली, मुलगी परकी झाली, आणि हा माणूस तिथे उभा राहून माझं उष्टं ताट घासत होता. मला मात्र हायसं वाटत होतं. त्या हायसं वाटण्याची मला जितकी लाज वाटली, तितकी त्या वाढण्याचीसुद्धा कधी वाटली नव्हती.